फोटॉन डिटेक्टरचे बिट्स रात्री पास, दुपारी नापास: दोष कुठे शोधायचा

"सर, काल रात्री सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. आज दुपारी त्याच डबीचे बिट्स पहिल्याच टेस्टला पडले. कोडमध्ये एक ओळही बदललेली नाही."

मार्च लागला, प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की असे निरोप यायला लागतात. मुलांनी फोटॉन मोजून यादृच्छिक संख्या काढणारी डबी बनवलेली असते, तिचे बिट्स खरंच यादृच्छिक आहेत का हे तपासणाऱ्या टेस्ट ती पासही होत असते, आणि मग दिवसाच्या ठरावीक वेळी बिघडते. हा दोष मला चांगला ठाऊक आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे, वर पत्रा. एप्रिलमध्ये सकाळी नऊला आणि दुपारी तीनला त्या गाळ्यात दोन वेगळे ऋतू असतात. माझी पहिली डबी तिथे अख्खा उन्हाळा रोज दुपारी नापास होत होती.

ती डबी मी सोसायटीच्या पार्किंगच्या सोडतीसाठी करायला घेतली होती. ज्याचा नंबर लागत नाही त्याला "सोडत सरळ झाली" एवढं तरी खात्रीने सांगता आलं पाहिजे. म्हणून एका बाजूला झुकलेला बिट मला चालत नाही, आणि झुकलेला बिट झाकून ठेवलेला तर मुळीच नाही.

मांडणी बहुतेकांची सारखीच असते. निळा एलईडी अगदी मंद पेटवलेला, समोर कागदाचे थर किंवा बारीक छिद्र, त्यापुढे एक मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एसआयपीएम, एकेका फोटॉनला विजेची पल्स देणारा सेन्सर. त्याची पल्स कम्पॅरेटरमधून, म्हणजे ठरावीक उंचीच्या (थ्रेशोल्डच्या) वरचीच पल्स पुढे सोडणाऱ्या सर्किटमधून, मायक्रोकंट्रोलरकडे जाते. ठरावीक लांबीच्या विंडोत पल्स आली तर १, नाही आली तर ०. दोष या साखळीत कुठेही असू शकतो, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी हॅश बंद करा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. बिट्स नापास झाले की मुलं शेवटी एसएचए-२५६ हा हॅश, म्हणजे कुठल्याही डेटाचे यादृच्छिक दिसणारे बिट करणारं सूत्र, लावतात, टेस्ट हिरव्या होतात आणि प्रोजेक्ट संपला असं वाटतं. पण १, २, ३, ४ असे सरळ आकडे एसएचए-२५६ मधून काढले तरी त्याच टेस्ट पास होतात. त्यात फोटॉन एकही नाही. हॅशनंतरची टेस्ट डिटेक्टरबद्दल काहीच सांगत नाही.

गणितज्ञ जॉन फोन नॉयमनची १९५१ ची युक्तीही अशीच अपुरी पडते. बिट्सच्या जोड्या करायच्या, ०१ आला तर ०, १० आला तर १, ०० आणि ११ टाकून द्यायचे. झुकाव त्यातून खरंच जातो, पण एका अटीवर: प्रत्येक बिट आधीच्या बिटापासून स्वतंत्र असला पाहिजे आणि झुकाव निदान जोडीपुरता तरी स्थिर असला पाहिजे. डिटेक्टर एका पल्सनंतर थोडा वेळ आंधळा होत असेल तर ही अट तिथेच मोडते. म्हणून दोष सापडेपर्यंत कच्चे बिट्स बघायचे. त्याहून चांगलं म्हणजे पल्स येण्याच्या कच्च्या वेळा फाइलमध्ये साठवायच्या. पुढची प्रत्येक तपासणी त्या वेळांवरच होते.

आणखी एक, घाबरण्याआधी. एफआयपीएस १४०-२ या अमेरिकी मानकाच्या जुन्या मोनोबिट टेस्टमध्ये २०,००० बिट्सपैकी एकांची संख्या ९,७२५ पेक्षा जास्त आणि १०,२७५ पेक्षा कमी हवी. अगदी निर्दोष स्रोतही साधारण दहा हजारांत एकदा या मर्यादेबाहेर जातो. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-२२ या टेस्टच्या संचात तर एक टक्क्याची पातळी ठेवली की प्रत्येक टेस्टमध्ये शंभरातली एखादी फाइल नापास होणं हेच बरोबर आहे. एकदा पडली म्हणून सोल्डरिंग गन उचलू नका. रोज त्याच वेळी पडते, तो दोष.

ब्रेकडाउनच्या खाली आणून बघा

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि कोणीच करत नाही, याचं मला वाईट वाटतं. सहज मिळणाऱ्या बऱ्याच एसआयपीएमचं ब्रेकडाउन व्होल्टेज २४.५ व्होल्टच्या आसपास असतं, आणि त्यावर अडीच-तीन व्होल्ट जास्त देऊन आपण तो चालवतो. बायस, म्हणजे सेन्सरला दिलेलं हे व्होल्टेज, २२ व्होल्टवर आणा. आता त्यात अॅव्हलांच, म्हणजे एका इलेक्ट्रॉनपासून सुरू होऊन स्वतःच्या बळावर टिकणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा, होऊच शकत नाही, म्हणजे एकाही फोटॉनची पल्स येणार नाही. तरीही काउंटर पळत असेल तर तुम्ही विजेचा नॉइज मोजत आहात.

पहिला संशय बूस्ट मॉड्यूलवर घ्या. एम. जी. रोडवरून पाच व्होल्टचे अठ्ठावीस व्होल्ट करणारं छोटं मॉड्यूल आणलेलं असतं, बहुधा एमटी३६०८ चिपचं. ती चिप १.२ मेगाहर्ट्झवर स्विच होते, त्यामुळे ८३३ नॅनोसेकंदांच्या अंतराने बायसवर रिपल, म्हणजे बारीक लहर, येतो. चिपचं काम ती चोख करते. तिचं आउटपुट थेट एसआयपीएमला जोडणं ही आपली चूक. मधे रेझिस्टर-कपॅसिटरचे दोन टप्पे टाका, मॉड्यूल डिटेक्टरपासून लांब ठेवा, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा आणि कम्पॅरेटरला थोडा हिस्टरेसिस द्या, म्हणजे त्याच्या चालू आणि बंद होण्याच्या पातळ्या थोड्या वेगळ्या ठेवा.

दुसरा संशय बाहेरचा. माझ्या शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं. एक दिवस मी जाऊन म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटं आर्क मारा, मग पाच मिनिटं थांबा, असं तीनदा कराल का?" त्यांनी काही न विचारता केलं. इकडे २२ व्होल्टवर बसलेला काउंटर आर्कबरोबर चढत होता आणि आर्क थांबली की शून्यावर येत होता. त्या दिवशी प्लास्टिकची डबी गेली आणि अॅल्युमिनियमची आली. घरी वेल्डिंग नसेल, पण लाइट गेल्यावर लागणारा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असतो. तोही एकदा चालू-बंद करून बघा.

उजेड आत येतोय का

बायस पुन्हा वर न्या, एलईडी बंद ठेवा, झाकण लावा आणि सेकंदाचे काउंट लिहा. हे डार्क काउंट. मग खोलीतला दिवा लावा, खिडकीचा पडदा उघडा. आकडा हलला तर डबी गळते आहे.

काळं दिसतं ते काळं असतंच असं नाही. बरीच काळी प्लास्टिकं डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतात, पण इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात, आणि सिलिकॉनला इन्फ्रारेडचा काही भाग दिसतो. एलईडी ट्यूबच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, उन्हात भरपूर असतं. रात्री पास, दिवसा नापास याचं हे एक सरळ कारण. तपासायला जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब डबीच्या चारी बाजूंनी फिरवा. थ्रीडी प्रिंट केलेल्या भिंती, वायरचं भोक आणि एलईडीची कड, गळती बहुतेक या तिघांतच निघते. काउंटच्या मालिकेत १०० हर्ट्झचा ठोका दिसला तर ५० हर्ट्झच्या विजेवर जळणारा दिवाच आत डोकावतोय, दुसरं शोधायला नको.

एसआयपीएमऐवजी जुनी फोटोमल्टिप्लायर ट्यूब, ९३१ए सारखी, वापरणाऱ्यांनी मात्र हा खेळ करू नये. तिला हजाराच्या आसपास व्होल्ट लागतात आणि त्या व्होल्टेजवर खोलीचा उजेड पडला तर ती कायमची खराब होऊ शकते. तुमच्या हातालाही ते हजार व्होल्ट सोसणार नाहीत.

उष्णता, म्हणजे खरी दुपार

आता मुख्य गोष्ट. नॉइज नाही, गळती नाही, तरी दुपारी नापास. इथे थोडं गणित करावंच लागतं.

विंडोत सरासरी किती पल्स येतात त्याला म्यू म्हणू. फोटॉन पॉइसाँ नियमाने, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र पण ठरावीक सरासरी दराने, येत असतील तर विंडो रिकामी राहण्याची शक्यता ई चा उणे म्यू घात. अर्ध्या विंडो रिकाम्या हव्यात, म्हणजे म्यू बरोबर ०.६९३ हवा. सेकंदाला ७०,००० पल्स येत असतील तर विंडो जवळजवळ १० मायक्रोसेकंदांची. तुम्ही रात्री बसून विंडो जुळवली, ५० टक्के आले, झोपलात.

आता म्यू फक्त चार टक्के घसरू द्या. एकांचं प्रमाण ४८.६ टक्क्यांवर येतं, म्हणजे २०,००० मध्ये बरोबर ९,७२५ च्या काठावर. म्यू दहा टक्के घसरला तर ४६.४ टक्के, म्हणजे साधारण ९,२८० एक. ही पद्धत पल्सच्या दरावर उभी आहे आणि दर दिवसभर हलत असतो.

का हलतो? एसआयपीएमचं ब्रेकडाउन व्होल्टेज तापमानाबरोबर वाढतं. सी-सिरीज नावाच्या एसआयपीएमला हे प्रमाण दर अंशाला २१.५ मिलिव्होल्ट आहे. गाळा १५ अंशांनी तापला की ब्रेकडाउन ०.३२ व्होल्टने वर सरकतं. बायस तोच, म्हणजे ब्रेकडाउनच्या वरचं अडीच व्होल्टचं ओव्हरव्होल्टेज २.१८ वर आलं. गेन, म्हणजे एका फोटॉनची पल्स किती मोठी होते ते, त्याच प्रमाणात, सुमारे तेरा टक्के, उतरतो. फोटॉन पकडण्याची क्षमताही थोडी उतरते, आणि कम्पॅरेटरचा थ्रेशोल्ड कडेवर ठेवलेला असेल तर ठेंगण्या झालेल्या पल्स त्याखालून निसटतात.

त्याच वेळी उलट दिशेचा परिणामही चालू असतो. उष्णतेने आपोआप सुटणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे डार्क काउंट, सिलिकॉनमध्ये दर आठ-दहा अंशांना साधारण दुप्पट होतात. आपल्या ७०,००० पैकी ३०,००० डार्क असतील, आणि एका मिलिमीटरच्या सेन्सरला खोलीच्या तापमानात तेवढे असूही शकतात, तर दहा अंश वाढल्यावर ते ६०,००० होतात. एकूण एक लाख. म्यू ०.९९, एकांचं प्रमाण ६३ टक्के. म्हणून एक जण सांगतो दुपारी एक वाढले, दुसरा सांगतो घटले, आणि दोघंही खरं बोलत असतात. मागे निफाडच्या एका मुलाची तक्रार पहाटेची होती. तिथला जानेवारी पारा दहाच्या खाली नेतो, आणि त्याची डबी गारठ्यात पडायची. रोग हाच, फक्त उलट्या बाजूने.

कोणता परिणाम जास्त आहे ते कळायला सकाळी आणि दुपारी दोन-दोन आकडे लिहा: एलईडी बंद असताना आणि चालू असताना, शेजारी डबीच्या आतलं तापमान. बंदचा आकडा वाढला आणि दोघांतला फरक तसाच राहिला, तर डार्क काउंट. फरकच घटला, तर ओव्हरव्होल्टेज किंवा एलईडी.

एलईडीवरून एक ठेच सांगतो, कारण ती उन्हाळ्याच्या नावावर खपते. एलईडी यूएसबीच्या पाच व्होल्टवर रेझिस्टरमधून चालवलेला असतो. त्यावर तीन व्होल्ट पडतात, रेझिस्टरला उरतात दोन. यूएसबीचे ५ व्होल्ट ४.८ झाले की उरतात १.८, करंट दहा टक्के कमी, उजेड साधारण तेवढाच कमी. लॅपटॉप बदलला, लांब केबल लावली, हबमधून जोडलं, एवढं पुरतं. एलईडीला वेगळा रेग्युलेटर द्या. काही रुपयांचं काम आहे.

बायसची भरपाईही करता येते. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ते २.१५ पट करून बायसमध्ये मिळवले की २१.५ मिलिव्होल्टची चढण बायसही चढतो. हे मी केलं आणि फायदा झाला. पण डार्क काउंट त्याने थांबत नाहीत, आणि सोडतीच्या डबीला एवढ्यावर सोडणं मला पटलं नाही.

विंडो सोडा, अंतरं ताडून बघा

खरा उपाय पद्धत बदलण्याचा आहे. एका पल्सपासून दुसरीपर्यंतचा वेळ मोजा, मग त्यापुढच्या दोन पल्समधला वेळ मोजा. पहिलं अंतर लहान असेल तर ०, मोठं असेल तर १, समान असतील तर दोन्ही टाकून द्या. दर सत्तर हजार असो की लाख, दोन्ही अंतरं त्याच दराची असतात, म्हणून शक्यता अर्धी-अर्धीच राहते. दुपार हळूहळू चढते, पल्समधलं अंतर मायक्रोसेकंदांचं असतं. त्या दोन अंतरांमध्ये तापमान बदलायला वेळच नसतो. राहिलेला बारीकसा कल घालवायला दर पुढच्या बिटाला तुलनेची दिशा उलटी करा. किरणोत्सारी क्षयातून बिट काढणाऱ्या हॉटबिट्स या प्रकल्पाने हेच केलं होतं.

किंमत आहे. एका बिटाला दोन अंतरं खर्च होतात, म्हणजे ७०,००० पल्समधून सेकंदाला जास्तीत जास्त ३५,००० बिट्स. आधी एक लाख येत होते. मला तरी हा सौदा मान्य आहे.

इथे हमखास एक चूक होते. जास्त बिट मिळावेत म्हणून मुलं पहिलं अंतर दुसऱ्याशी, मग दुसरं तिसऱ्याशी अशी साखळी लावतात. एक-शून्य निम्मे-निम्मे येतात, मोनोबिट पास, आणि रन्सची, म्हणजे सलग सारखे बिट मोजणारी, टेस्ट धडाधड पडते. कारण लागोपाठ दोन बिट सारखे यायला तिन्ही अंतरं चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागावी लागतात, आणि त्याची शक्यता एक तृतीयांश, अर्धी नव्हे. प्रत्येक अंतर एकदाच वापरायचं.

दुसरी चूक सिरीयल पोर्टची. १,१५,२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० बाइट्स जातात. प्रत्येक बिट '०' किंवा '१' अक्षर म्हणून पाठवला तर ३५,००० बिट्स मावतच नाहीत, बफर तुंबतो, आणि कंट्रोलर अडकलेला असताना आलेल्या पल्स हरवतात. मग अंतरं खोटी लांब होतात. आठ बिट्स एका बाइटमध्ये भरा, ४,३७५ बाइट्स आरामात जातात. अर्डुइनो उनो बोर्डावर टायमर-१ चा सोळा बिटांचा काउंटर प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा भाग) नसताना ४.०९६ मिलिसेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, तो ओव्हरफ्लो मोजायलाही विसरू नका.

अंतरांचा आलेख

आता साठवलेल्या वेळा बाहेर काढा. अंतरांचा हिस्टोग्राम काढा, उभा अक्ष लॉगचा. निरोगी डिटेक्टरचा आलेख उतरती सरळ रेष असतो. त्यात जे जे वाकडं दिसतं त्याला कारण असतं.

अगदी सुरुवातीला खड्डा दिसला तर तो डेड टाइम: एका पल्सनंतर सेन्सर किंवा कम्पॅरेटर सावरेपर्यंतचा आंधळेपणा. खड्ड्याऐवजी किंवा खड्ड्यानंतर टेंगूळ दिसलं तर आफ्टरपल्स. अॅव्हलांचच्या वेळी काही इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधल्या दोषांत अडकतात, थोड्या वेळाने सुटतात आणि नवी पल्स उडवतात. ती पल्स फोटॉनची नाही, आधीच्या पल्सचीच लेक आहे. विंडोच्या पद्धतीत खड्ड्यामुळे १ नंतर ० जास्त येतो आणि टेंगळामुळे १ नंतर १. फोन नॉयमन यातलं काहीच निस्तरत नाही. रेषेवर समान अंतराने दात दिसले आणि ते ८३३ नॅनोसेकंदांवर असले, तर बूस्ट मॉड्यूलकडे परत जा. तेवढे बारीक दात दिसायला घड्याळही बारीक लागतं. उनोचं पाऊल ६२.५ नॅनोसेकंदांचं आहे, तिथे ते जेमतेम दिसतात.

खड्डा आणि टेंगूळ दोन्हींवर इलाज एकच: प्रत्येक पल्सनंतर ठरावीक वेळ कान बंद ठेवा. मी दोन मायक्रोसेकंद ठेवतो आणि अंतर तिथून पुढे मोजतो. हे चालतं कारण पॉइसाँ प्रक्रियेला स्मरण नसतं. दोन मायक्रोसेकंद वाट पाहिल्यानंतर पुढच्या फोटॉनला किती वेळ लागेल, याचा आधी गेलेल्या वेळेशी काही संबंध नसतो. रेषेची सुरुवात कापली तरी उरलेली रेष तशीच सरळ उतरते. हे पहिल्यांदा स्वतःच्या आलेखावर पाहिलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनसमोरून उठलो नव्हतो.

दोन डिटेक्टर आणि अर्धपारदर्शक आरसा लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. भौतिकशास्त्रज्ञ अँटोन त्सायलिंगर यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेली मांडणी तशीच होती: फोटॉन आरपार गेला तर एक बिट, परावर्तित झाला तर दुसरा. तत्त्व देखणं आहे. पण दोन सेन्सर सारखे तापत नाहीत आणि त्यांची क्षमता सारखी उतरत नाही, म्हणून नाशिकच्या दुपारी तिथेही झुकाव येतो. एकाच सेन्सरची अंतरं ताडण्यात तो प्रश्न उरत नाही.

पावसाळ्यात दोष पुन्हा उगवला तर बोर्डावरची दमट धूळ आणि फ्लक्स बघा. त्यातून बायसच्या रेषेवर विजेची गळती होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका.

हे सगळं झाल्यावर हॅश लावायला माझी हरकत नाही, लावावाच. मात्र कच्च्या बिट्सवर सतत पहारा ठेवा. एनआयएसटीच्या ८००-९०बी मध्ये सोपा नियम आहे: पूर्ण एंट्रॉपी धरली, म्हणजे प्रत्येक बिट पूर्णपणे अनपेक्षित मानला, तर सलग २१ सारखे बिट आले की गजर. निर्दोष स्रोतात कोणत्याही एका ठिकाणी असं होण्याची शक्यता दहा लाखांत एकाच्या आसपास असते, त्यामुळे सेकंदाला हजारो बिट देणाऱ्या डबीत गजर अधूनमधून वाजेलच. बिट एकाच आकड्यावर अडकला तर मात्र तो थांबतच नाही. सोडतीच्या वेळी असा न थांबणारा गजर झाला तर सोडत थांबवायची, हॅशच्या मागे तो दोष दडवायचा नाही.

एवढं करूनही दुपारी नापास होत असेल तर मला नुसतं "फेल होतंय" असं कळवू नका. २२ व्होल्टवरचे काउंट, एलईडी बंद आणि चालू असतानाचे सकाळ-दुपारचे काउंट, डबीच्या आतलं तापमान आणि अंतरांचा आलेख पाठवा. आलेखाचा उभा अक्ष लॉगचा ठेवा, नाहीतर टेंगूळ दिसत नाही.